बाबांचा खाडा

ताई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. माझा मुलगा आठ वर्षांचा, घरी त्याला सोन्या म्हणतो. सात महिन्यांपूर्वी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, ए.एल.एल. बेळगावात उपचार चाललेत, बीपीएल कार्डावर. डिस्चार्जचे कागद आणि औषधांची चिठ्ठी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असते, मी खुणांवरून गोळ्या ओळखते. पुढच्या महिन्यापासून मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या घ्यायचा शेवटचा लांब टप्पा, सुरू होईल असं डॉक्टर म्हणतात. हे उद्यमबागेत फौंड्रीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, १५,००० मिळतात. मी काजूच्या कारखान्यात जायची, ६,००० यायचे, ते बंद झालं. दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला ह्यांचा खाडा पडतो, महिन्याला चार-पाच. म्हणून आता हे रात्री अकरापर्यंत ओव्हरटाइम करतात. मोठी मुलगी तेरा वर्षांची, तिला माझ्या माहेरी ठेवलीय.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या बाईंनी सोन्याकडून एक फॉर्म भरून घेतला. महिनाभर कसं वाटलं, शाळा चुकते का, बाकीची पोरं खेळतात तसं जमत नाही असं होतं का, उदास वाटतं का, असलं सगळं. त्यानं जवळजवळ सगळीकडे ‘नेहमी’वर खूण केली. बाई म्हणाल्या, गुण फार कमी आलेत, पैशाची ओढाताण असलेल्या घरात असं जास्त दिसतं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणतात, वीस गुंठे भाताचं शेत विका आणि पोराला मुंबईच्या मोठ्या प्रायव्हेट दवाखान्यात न्या, पैसे टाकले की पोर सुखात राहील. विकावं का? आणि खरं सांगा, आमच्याकडे पैसा असता तर माझं पोर इतकं कोमेजलं असतं का?
— एक आई

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडवलीय. पैसा असता तर फरक पडला असता का? हो, पडला असता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. त्या बाईंनी सांगितलं ते खरं आहे. आजारी मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय याची मोजदाद झाली, तेव्हा कमी मिळकतीच्या घरातल्या मुलांचे गुण बरेचदा कमीच आले. श्रीमंत देशही त्यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत बॉस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतल्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या मुलांच्या घरांची पाहणी केली. उपचारांच्या पहिल्या सहा महिन्यांत दर चार घरांतल्या एका घराची मिळकत चाळीस टक्क्यांहून जास्त घटली होती, कारण आई किंवा बाप कामावर जाऊ शकत नव्हता.

तुमचं पत्र वाचून मी कागदावर हिशेब मांडला. आधी दोघांचे मिळून २१,०००. तुमचे सहा गेले, खाड्यांचे अडीच गेले. उरले साडेबारा. म्हणजे तुमच्या घराचेही चाळीस टक्के गेले. दवाखान्याचं बिल कार्डावर भागूनही ही गत आहे. तेव्हा ‘आम्ही कुठे कमी पडलो’ हे आधी मनातून काढा. तुम्ही कमी पडला नाहीत. आणि हा आजार तुमच्या खाण्यानं, कुठल्या चुकीनं किंवा कुणाची दृष्ट लागूनही झालेला नाही. सासूबाईंनाही हे सांगा, एकदा नाही, दहादा.

आता दुसरी बाजू. पैशाची चणचण मुलाच्या अंगापर्यंत नेमकी कुठल्या वाटेनं पोचते, ते कळलं तर त्यातल्या काही वाटा शेत न विकताही अडवता येतात. मुलांच्या वॉर्डात समाजसेविका म्हणून मी बावीस वर्षं काढली. त्यातली सगळ्यात वाईट वाट मला एका नऊ वर्षांच्या पोरानं दाखवली.

तो निपाणीकडचा. आई विड्या वळायची, वडील हमाली करायचे. आजार तुमच्या सोन्याचाच. आईनं त्याच्या काखेत थर्मामीटर लावला आणि ती चुलीकडे वळली, की तो पठ्ठ्या थर्मामीटर अर्ध्यावरच काढायचा, झटकायचा, आणि हाक मारून सांगायचा, ‘अठ्ठ्याण्णव गं!’ असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्याला आणलं तेव्हा हातपाय गार, ओठ निळसर, नाडी लागत नव्हती. आठ दिवस तो आयसीयूत होता. वाचला. उठून बसायला लागल्यावर मी त्याच्या शेजारी बसून विचारलं, ‘बाळा, सांगितलं का नाहीस?’ त्यानं चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाला, ‘बाबांचा खाडा झाला असता.’

हा हिशेब त्याला कुणी शिकवला? बराचसा मी. मागच्या भेटीत मदतीचा अर्ज भरताना मी त्याच्या वडिलांना एकेक प्रश्न विचारला होता. रोज किती मिळतो, किती रोज बुडाले, उसने किती घेतले. पोरगं शेजारच्या बाकावर बिस्किट खात बसलं होतं. मला वाटलं, त्याचं लक्ष बिस्किटात आहे. त्या दिवसानंतर कुठल्याही मुलासमोर मी पैशाचा कागद काढला नाही.

म्हणून तुम्हाला विचारते, घरात पैशाचं बोलणं कुठे होतं? रात्री अकराला सोन्याचे बाबा येतात, तुम्ही ताट वाढता, सोन्या तिथेच अंथरुणात असतो. तो झोपलेला नसतो, ताई. शेत विकायचं बोलणं त्यानं ऐकलेलं असणार. आठ वर्षांच्या पोराला गुंठे कळत नाहीत, पण आपल्यामुळे घरातलं काहीतरी जाणार आहे, हे बरोबर कळतं. मग ते मागणं बंद करतं. दुखतं ते सांगत नाही. आपण म्हणतो, पोरगं किती समजूतदार झालं. फॉर्मवरच्या त्या उदासीच्या खुणेत हाही भाग असेल, असं मला वाटतं.

यावर उपाय एवढाच, की त्याला स्वच्छ शब्दांत सांगायचं, आणि बाबांनी सांगायचं. ‘सोन्या, तुझ्या औषधाचे पैसे सरकारच्या कार्डावर आहेत. गाडीचे पैसे ह्या डब्यात आहेत. ताप आला, दुखलं, तोंड आलं, तर लगेच सांगणं हे तुझं काम. पैशाचं बघणं हे माझं.’ आणि डबा खरोखरच ठेवायचा. एक स्टीलचा डबा, त्यात २,००० रुपये, गावातल्या ओमनीवाल्याचा नंबर, दवाखान्याच्या वॉर्डाचा नंबर, फाईलची झेरॉक्स. गाडी नाही मिळाली तर १०८ ला फोन. त्या डब्यातले पैसे दुसऱ्या कशाला काढायचे नाहीत, गणपतीलाही नाही. १००.४ च्या वर ताप गेला की ताप उतरवायची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. ह्या मुलांच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप म्हणजे तासांचा खेळ असतो. थर्मामीटर तुमच्या हातात, तुमच्या नजरेसमोर. डिजिटल घ्या, वाजल्याशिवाय काढायचा नाही.

आता शेताचं.

विकू नका. निदान आज, ह्या कारणासाठी तरी नाही.

कारण सांगते. ए.एल.एल.चा उपचार मोठ्या इमारतीत वेगळा आणि लहान इमारतीत वेगळा असा नसतो. ठरलेल्या टप्प्यांचा एक आराखडा असतो, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. औषधंही जगभर बरीचशी तीच, कित्येक दशकं वापरातली. सगळं मिळून अडीच-तीन वर्षं चालतं. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्केसुद्धा होत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ह्या फरकाची जी कारणं ती देते, त्यात निदान उशिरा होणं आहे, औषधं न मिळणं आहे आणि उपचार अर्ध्यात सुटणं आहे. हे शेवटचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. शेत विकून मुंबई गाठलेली कुटुंबं आठ-नऊ महिन्यांत पैसे संपवून परत येतात, तेव्हा पोराचे केस उगवलेले असतात, गाल भरलेले असतात, आणि घरचे म्हणतात, ‘आता बरा दिसतोय की.’ मेंटेनन्स तिथेच सुटतो. घराजवळ राहून, कार्डावर, शेवटच्या गोळीपर्यंत पोचणं हे तुमचं खरं ध्येय. वीस गुंठ्यांतला भात वर्षभर घरात पुरतो. तो गेला तर तांदूळही विकत, आणि मग मुलाच्या ताटातलं अंडं आधी जाईल.

मनात शंका असेल तर एकदा दुसरं मत जरूर घ्या, ते तुमचं हक्काचं आहे. आताच्या डॉक्टरांना सांगूनच घ्या, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. परळचं टाटा मेमोरियल किंवा बेंगळूरचं किडवाई, दोन्हीकडे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. फाईल, बोन मॅरोचा रिपोर्ट, आतापर्यंत दिलेल्या औषधांचा कागद बरोबर न्या. चालुक्य एक्स्प्रेस बेळगावहून थेट दादरला जाते, राणी चन्नम्मा रातोरात बेंगळूरला. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण सूट आहे आणि बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेचा ठरावीक नमुना असतो, तो डॉक्टरांकडून सही-शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर द्यायचा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात. मुंबईत दोन-चार दिवस काढायला एवढं पुरतं. त्यासाठी शेत लागत नाही.

कार्डाचं थोडक्यात सांगते, बरंचसं तुम्हाला माहीत असेल. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठून दोन गोष्टी विचारा. यंदाच्या वर्षाचे किती वापरले गेले, आणि कुठल्या तपासण्या किंवा औषधं पॅकेजबाहेर पडतात. बाहेरच्या खर्चाचं लेखी एस्टिमेट मिळालं तर ते जोडून पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आपल्या ८६५ सीमागावांना लागू करायचा निर्णय २०२३ साली झाला, पण त्यावरून दोन सरकारांत वादही झाला. त्यामुळे कोल्हापूर-मिरजेकडे कधी जायची वेळ आली तर आधी तिथल्या आरोग्यमित्राशी फोनवर बोला, लेखी होकार घ्या, मगच निघा. सीमेच्या भांडणात तुमची फेरी फुकट जायला नको. आणि फायनान्सवाल्यांचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज ह्यासाठी उचलू नका. दर सोमवारी दारात माणूस उभा राहिला की घरातलं पहिलं घाबरणारं माणूस सोन्या असेल. अगदीच अडलं तर आधी सोसायटीत विचारा.

आता तुमच्या मालकांचं. हे लिहिताना मला जड जातंय, कारण तो माणूस मरमर मरतोय. सकाळी सातला बाहेर, रात्री अकराला घरात. भट्टीपुढे सोळा तास काढायचे ते लेकरासाठीच. पण सोन्याच्या बाजूनं बघा. आजार येण्याआधी बाबा संध्याकाळी दिसायचे. आजार आला आणि बाबा गेले. फॉर्मवर तो प्रश्न नसतो, पण त्याचं उत्तर मात्र सगळीकडे सांडलेलं असतं.

मी ओव्हरटाइम बंद करा म्हणत नाही, ते न परवडणाऱ्याला सांगायचं बोलणं नव्हे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सोडा म्हणते. एका ओव्हरटाइमला अडीचशे धरले तर महिन्याला २,००० गेले. ते कुठून भरायचे? दवाखान्याच्या फुकट फेऱ्यांतून. किती वेळा असं झालं असेल की तुम्ही गाडी करून बेळगावला गेलात, रक्त दिलं, आणि डॉक्टर म्हणाले, ‘काउंट कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या’? गाडीचे बाराशे आणि साडेपाचशेचा खाडा, दोन्ही पाण्यात. डॉक्टरांना विचारा, आदल्या दिवशी खानापुरात सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून काउंट फोनवर कळवले तर चालेल का. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. महिन्यातून अशा दोन फेऱ्या वाचल्या तर साडेतीन हजार हाती राहतात. बाबांच्या दोन संध्याकाळी त्यातून निघतात, वर थोडे डब्यातही पडतात.

सगळ्याच फेऱ्यांना दोघांनी जायला हवं असंही नाही. शक्ती योजनेत तुमचं लाल बसचं तिकीट लागत नाही, सोन्याचं अर्धं. मात्र काउंट उतरलेले असताना भरलेल्या बसमधून त्याला नेऊ नका, तेव्हा गाडीच करा. मेंटेनन्समध्ये काउंट ठीक असतील त्या दिवशी सकाळची मोकळी बस बघून जाता येईल. गृहलक्ष्मी योजनेचे २,००० जेव्हा जमा होतील तेव्हा ते ह्या गाडीभाड्याला बाजूला काढा.

आणि त्या दोन संध्याकाळी बाबांनी काय करायचं? खास काही नाही. हातपाय धुवायचे आणि त्याच्याशेजारी बसून जेवायचं. मोबाईल नको, दवाखान्याचं बोलणं नको. फौंड्रीत लोखंड कसं ओततात, ठिणग्या कशा उडतात, ते सांगितलं तर पोरं तासभर ऐकतात.

आता शाळा. हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय.

तुम्ही वर्णन केलंत त्यावरून तो फॉर्म पेड्सक्यूएल नावाचा, मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजणारा, असावा. त्यात २३ प्रश्न असतात. आठ अंगातल्या ताकदीचे, आणि मग भावना, मित्र आणि शाळा यांचे पाच-पाच. हिशेब करा, २३ पैकी १५ प्रश्न थेट रक्ताचे, हाडाचे, औषधाचे नाहीत. डॉक्टर रक्त सुधारतील. त्या पंधरा प्रश्नांतलं बरंचसं तुमच्या, गुरुजींच्या आणि गल्लीतल्या पोरांच्या हातात आहे. आणि तिथे पैसा थोडाच लागतो. असला फॉर्म आईवडिलांसाठीही वेगळा असतो. पुढच्या खेपेला तुम्हीही भरा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आजारी पोराचं दुखणं आईला बरेचदा पोरापेक्षा जास्त दिसतं, आणि एखादी गोष्ट तिच्या नजरेतून पूर्ण निसटलेली असते. ती निसटलेली गोष्ट शोधायला तो कागद चांगला.

मेंटेनन्स सुरू झाला की बरीच मुलं डॉक्टरांच्या परवानगीनं शाळेत जाऊ लागतात. तुम्ही त्याची वाट बघू नका. ह्याच आठवड्यात शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. आपल्याकडच्या सरकारी मराठी शाळांत पटावर पोरं थोडी असतात, गुरुजींना प्रत्येकाचं घर माहीत असतं. त्यांना तीन गोष्टी सांगा. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. सोन्याचं नाव पटावरून काढू नका. आणि वर्गातल्या पोरांना त्याच्याशी बोलू द्या. सुरुवातीला एक मित्र, सर्दी-खोकला नसलेला, हात धुऊन, पडवीत बसून अर्धा तास. वर्गात काय शिकवलं ते त्या मित्रानं सांगायचं. केस गेलेलं डोकं पोरं पाच मिनिटं बघतात, मग विसरतात. मोठी माणसं विसरत नाहीत, तो त्रास वेगळा.

शाळेत जाऊ लागला की गुरुजींना एक गोष्ट बजावून ठेवा. वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन आला पाहिजे, आणि तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं पाहिजे. ह्या मुलांना कांजिण्या जड जातात. शेजारणीच्या पोराला आल्या तरी लपवू नका असं गल्लीत सांगून ठेवा, राग न धरता.

मोठ्या मुलीला घरी आणा. तेरा वर्षांच्या पोरीला माहेरी ठेवलीत ती काळजीनंच, पण तिला वाटत असेल की भाऊ आजारी पडला आणि आपण नकोशा झालो. ती हे कधी बोलणार नाही. ती आली तर सोन्याला अभ्यासाला माणूस मिळेल, तुम्हाला बोलायला. फक्त तिला घरची मोलकरीण करू नका, तिची शाळा बुडता कामा नये.

मेंटेनन्सबद्दल एक इशारा, तो विसरू नका. आता गोळ्या घरी येतील. मर्कॅप्टोप्युरीन रोज, आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच. ही दुसरी गोळी चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी सांगितलेला वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा, बाकीच्या दिवशी ती पुडी वरच्या फळीवर. रोजच्या गोळीचा संशोधकांनी बारकाईनं अभ्यास केलाय. ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या दोन चुकल्या की आपण त्या रेषेखाली गेलोच. पोरगं खेळतंय, हसतंय, एक दिवस नाही दिली तर काय होतंय, असं वाटेल. द्या. दिली की कॅलेंडरवर फुली मारायचं काम सोन्याला द्या. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढच्या आणायच्या, पगाराच्या तारखेवर ठेवायचं नाही.

खाण्याचं फार लिहीत नाही. नातेवाईक आठशे-हजाराचे पावडरचे डबे आणतात, त्याऐवजी अंडी आणा म्हणावं. नीट उकडलेलं अंडं, नाचणीची आंबील, डाळभात, सोलून खायची केळी-संत्री, उकळून गार केलेलं पाणी. स्टेरॉइडच्या दिवसांत तो रात्री दोनलाही भात मागेल, तेव्हा ओरडू नका, ते औषध बोलत असतं. झाडपाल्याचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कुणीही आणून दिलं तरी.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नका. त्यांच्या पिढीत जमीन विकणं हा शेवटचा उपाय असायचा आणि त्या तो नातवासाठी द्यायला तयार आहेत. त्यांना सांगा, शेत सोन्याच्याच नावानं राखून ठेवलंय. आणि त्यांना एक काम द्या. रोज संध्याकाळी तासभर नातवाजवळ त्यांनी बसायचं, त्या वेळात तुम्ही झोपायचं. सात महिन्यांत तुम्ही सलग किती झोपलात, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण अक्षरावरून दिसतंय.

शेवटी एक. तुम्ही लिहिलंय की डिस्चार्जचे कागद आणि औषधांची चिठ्ठी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असते, आणि तुम्ही खुणांवरून गोळ्या ओळखता. हे आजच थांबवू या. नाव आणि नंबर झाकून त्या कागदांचा फोटो ह्या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मला दोन्ही वाचता येतं. कुठली गोळी, कुठल्या वारी, किती, हे मोठ्या मराठी अक्षरांत मांडून मी परत पाठवते. ते तुम्ही दवाखान्यातल्या सिस्टरांना दाखवून तपासून घ्या, मगच भिंतीवर लावा. मेंटेनन्स पुढच्या महिन्यात सुरू होतोय, त्याआधी तो कागद तुमच्या घरात पोचला पाहिजे. तेव्हा फोटो ह्याच आठवड्यात पाठवा.